मानाची चरवी

म्हशींसाठी नावाजलेलं एक गाव होतं. घरं चाळीस आणि म्हशी दोनशे. तिथलं दही सुरीने कापावं लागे, असं आजूबाजूचे लोक म्हणत, आणि गावकरी ते ऐकून नुसते हसत.

वर्षातून एकदा त्या गावात म्हसोबाचा दहीभात होई. आदल्या संध्याकाळी घरोघरचं दूध देवापुढच्या मोठ्या काहिलीत ओतायचं, तापवायचं, विरजायचं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाने एका पंगतीत जेवायचं. पहिली चरवी ओतायचा मान मात्र वाडवडिलांकडून मिळत नसे. ठकूआजी नावाची गावातली सर्वांत वयस्क बाई काठी टेकत प्रत्येक गोठ्यात जाई. ज्याचा गोठा सर्वांत स्वच्छ, मान त्याचा.

याच गावात खेमा राहत होता. बोलायला कमी, कामाला चोख. बारा वर्षं तो गोठा झाडत होता आणि बारा वर्षं मान दुसऱ्याकडे जात होता. तेराव्या वर्षी ठकूआजी त्याच्या गोठ्यात आली, खाली वाकली, जमिनीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "खेमा, इथं मी भाकरी ठेवून खाईन."

खेमाची बायको गजरा त्या दिवशी आनंदाने तीनदा अंगण सारवून बसली.

दहीभाताला चार दिवस उरले आणि खेमाच्या रेडकाला हगवण लागली. डॉक्टर आले. त्यांनी पिवळसर भुकटीची पुडी दिली आणि नीट समजावून सांगितलं, "तोंडाला फडकं बांधून पुडी उघडायची. भुकटी नाकात जाऊ द्यायची नाही. कालवायला वेगळी बादली घ्या. तिच्यात कधी दूध काढू नका आणि दुधाच्या भांड्याला हे औषध लागू देऊ नका, उकळूनही ते जात नाही. मग हात साबणाने धुवा. काही माणसांना हे औषध मानवत नाही. त्यांच्या पोटात चिमूटभर गेलं तरी जिवावर बेततं."

"आमच्या घरात कुणी नाही तसं," खेमा म्हणाला. "पण शेजारची हौसा आहे. दवाखान्यात याच औषधाची सुई दिली, तर तोंड सुजून तिचा श्वास अडकला होता."

"मग तिला या पुडीच्या वाऱ्यालाही उभी करू नका."

खेमाने सगळं ऐकलं. फडकं बांधलं, हात धुतले, पुडी पोरांचा हात पोचणार नाही अशी वर आढ्याला बांधली. तीन दिवस रेडकू बादलीतून औषध प्यायलं. चौथ्या दिवशी सकाळी मात्र त्याने मान फिरवली. खेमाने चुचकारलं, गोंजारलं. रेडकू बादलीकडे बघेना. धार काढायच्या चरवीला आईच्या दुधाचा वास असतो, हे खेमाला ठाऊक होतं. त्याचा जीव कळवळला. एकदाच, असं म्हणून त्याने औषध पितळी चरवीत कालवलं. रेडकू घटाघटा प्यायलं. खेमाने चरवी पाण्याने विसळली आणि घासायची म्हणून बाजूला ठेवली. तेवढ्यात काहीतरी काम निघालं आणि तो विसरला.

संध्याकाळी ढोल वाजायला लागला. मानाची चरवी म्हणून गजराने ती उचलली, आतून विसळलेली दिसली म्हणून नुसती बाहेरून चिंचेने लख्ख घासली, कुंकू लावलं. खेमाने धार काढली आणि ताठ मानेने म्हसोबापुढे जाऊन पहिलं दूध काहिलीत ओतलं. मागोमाग एकेक घर आलं. चाळीस घरांचं दूध पडलं आणि काहील काठाशी आली.

खेमा रिकामी चरवी घेऊन बाजूला उभा होता. काठाला राहिलेला थेंब पुसावा म्हणून त्याने आतल्या दुमडीतून बोट फिरवलं. बोट पिवळं झालं.

त्याला सकाळचं सगळं आठवलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं. कुणाचंच लक्ष नव्हतं. त्याने बोट धोतराला पुसलं. काहील केवढी मोठी, त्यात हे कितीसं असणार? बारा वर्षांनी मिळालेला मान. गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं?

तेवढ्यात हौसा समोरून आली. कडेवर धाकटी मुलगी होती. हसून म्हणाली, "खेमाभाऊ, औंदा तुमच्या हातचं दूध! मी तर उद्या दोन वाट्या जास्त खाणार बघा."

खेमा सरळ काहिलीपाशी गेला आणि खाली जाळ लावणाऱ्याचा हात धरला.

"थांबव," तो म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "हे दूध विरजायचं नाही. माझ्या चरवीत रेडकाचं औषध लागलेलं होतं. चूक माझी आहे."

ढोल थांबला. दगडू नावाचा एक जण होता, त्याची जीभ नेहमीच पुढे. तो म्हणाला, "वा रे स्वच्छ गोठेवाले! आजी, तुम्ही तिथं भाकरी खाणार होता ना?"

काही जण हसले. गजराने पदर तोंडाला लावला.

"खेमा, अरे, उकळलं की काय राहतंय त्यात?" दुसरा कुणी म्हणाला.

"उकळून हे औषध जात नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं."

"मग निदान कुत्र्यांना, वासरांना तरी पाजू," दगडू म्हणाला. "चाळीस घरांचं दूध आहे, पाणी नाही."

"नको," खेमा म्हणाला. "आजाराविना औषध कुणाच्या पोटात जायला नको. ओढ्यातही नको, तिथं सगळी जनावरं पाणी पितात. मी खड्डा खणतो."

त्याने स्वतः कुदळ घेतली. विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, माळावर खोल खड्डा खणला. पहिली काही ढेकळं त्याने एकट्याने काढली. मग बघतो तो हौसाचा नवरा फावडं घेऊन खाली उतरलेला. त्याच्यामागे आणखी चौघे आले. शेवटी दगडूही आला. "सरक, तुझ्याने सकाळ होईल," असं म्हणून त्याने कुदळ ओढून घेतली.

सगळं दूध खड्ड्यात गेलं. वरून माती लोटली. बायांनी डोळे पुसले. म्हसोबाचा दहीभात त्या गावात पहिल्यांदाच एक दिवस पुढे गेला.

घरी आल्यावर खेमाने गजराला रेडकाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "एवढंच होतं, तर मला हाक मारायची होती." तिने औषध कालवलेली बादली घेतली, काठाला बाहेरून आईच्या दुधाचे चार थेंब लावले आणि रेडकापुढे धरली. रेडकू चाटत चाटत सगळं औषध प्यायलं. चरवी मात्र तिने पुन्हा दुधाला वापरली नाही.

दुसऱ्या संध्याकाळी काहील पुन्हा मांडली. ती राख लावून, गरम पाण्याने चार वेळा घासलेली होती. लोक आपापलं दूध घेऊन आले. खेमा रिकाम्या हातांनी सगळ्यांच्या मागे उभा राहिला.

ठकूआजीने काठी आपटली. "पहिली चरवी कुणाची?"

कुणी पुढे होईना. दगडूने खाकरून सांगितलं, "आजी, तुम्ही गोठ्यात बोट फिरवून बघितलंत, माणसाच्या आत फिरवायचं राहिलं, एवढंच. तिथंही फिरवा आता."

"फिरवलं की काल, हा सगळ्यांसमोर बोलला तेव्हाच," आजी म्हणाली. "खेमा, पुढं ये."

"आजी, मी दूध आणलंच नाही."

तेव्हा हौसा गर्दीतून वाट काढत आली. तिने आपली भरलेली चरवी खेमाच्या हातात दिली. "दूध माझं, हात तुमचा," ती म्हणाली. मग डोळे मिचकावत विचारलं, "हात साबणाने धुतलेत ना, भाऊ?"

सगळं गाव हसलं. खेमाही हसला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याने चरवी ओतली. ढोल वाजला.

त्या वर्षीचं दही नेहमीसारखंच घट्ट लागलं. हौसाने ठरल्याप्रमाणे दोन वाट्या जास्त खाल्ल्या. त्यानंतर गावातल्या प्रत्येक गोठ्यात औषधाची बादली निराळी झाली, काठावर लाल रंगाचा पट्टा ओढलेली. पाहुणा आला की गावकरी त्याला आधी दही वाढतात, मग माळावर नेऊन तो खड्डा दाखवतात. दाखवताना त्यांची छाती फुगलेली असते.

तात्पर्य: जनावराचं औषध माणसाच्या ताटापासून लांब ठेवावं. आणि हातून चूक झालीच, तर ती कुणी घास घ्यायच्या आत बोलून दाखवावी. त्याने मान जात नाही, वाढतो.