ठकू परटिणीचा इंग्रजी नियम

“चहाला ‘स्ट्राँग’ का म्हणायचं आणि पावसाला ‘हेवी’ का, याचा नियम उद्या दरबारात आणा! नाहीतर संस्थानाची हद्द सोडा!”

विश्वासराव महाराजांनी आपल्याला इंग्रजी शिकवणाऱ्या खांबेटे मास्तरांना असं ठणकावलं, त्याला कारणही तसंच होतं. पाहुण्या गोऱ्या साहेबाला महाराज ऐटीत म्हणाले होते, “बाहेर स्ट्राँग रेन आहे, हेवी टी घ्या!” साहेब मिशीत हसला. महाराजांचं इंग्रजी चुकणं शक्यच नव्हतं, तेव्हा चूक मास्तरांची ठरली.

ठकू परटीण कपडे न्यायला गेली, तर मास्तर ट्रंक भरत होते.

“नियम नाहीच हो, ठकूबाई! आणू कुठून?”

गावात मुलींना शिकवणारे मास्तर हे एकटेच. ते गेले की ठकूच्या लेकीची, चंपीची, पाटी फुटलीच म्हणायची!

दुसऱ्या दिवशी मास्तर दरबारात मान खाली घालून उभे होते. तेवढ्यात ठकू धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन थेट आत शिरली.

“सरकार, कपडे आणलेत! हे तुमचं पांढरंभडक धोतर, हा हिरवाकुट्ट फेटा आणि ही काळीगार बंडी!”

“काय बोलतेस हे?” महाराज ओरडले. “पांढरंशुभ्र धोतर! हिरवागार फेटा! काळीकुट्ट बंडी! मराठीसुद्धा धड येत नाही?”

“चुकलं, सरकार! पण कुठल्या नियमानं चुकलं?”

महाराजांनी दिवाणांकडे पाहिलं. दिवाणांनी शास्त्रीबुवांकडे पाहिलं. शास्त्रीबुवांना एकाएकी छताची नक्षी फार आवडली.

“गार म्हणजे थंड ना, सरकार? मग हा फेटा थंड आहे का?”

महाराजांनी नकळत फेट्याला हात लावून पाहिला. “नाही.”

“आणि काळ्या बंडीला कुटलं कुणी? मी दगडावर कुटलं ते पांढरं धोतर!”

“अगं बाई, याला नियम नसतो!” महाराज वैतागले. “लहानपणापासून जे कानावर पडतं, तेच तोंडात बसतं! दुसरं काही जोडलं की ऐकणारा हसतो!”

“आणि साहेबाच्या कानावर लहानपणी काय पडलं असेल, सरकार?”

महाराजांना साहेबाचं मिशीतलं हसू आठवलं.

“म्हणजे... नियम नाहीच?”

“कसा नाही? आत्ता तुम्हीच सांगितलात की!” ठकूनं हात जोडले. “हाच नियम मास्तरांनी सांगितला असता, तर ते हद्दपार झाले असते. सरकारांनी सांगितला, म्हणून आता तो कायदा झाला!”

त्यावर महाराज असे खो खो हसले की फेटा कानावर आला. ते हसले, म्हणून दिवाण हसले. दिवाण हसले, म्हणून शास्त्रीबुवाही हसले.

मास्तरांची नोकरी राहिली, मुलींच्या शाळेला राजवाड्यालगतची इमारत मिळाली आणि ठकूला जरीचं लुगडं. लालभडक!