पवळीनं मान वळवली

नदीच्या वळणावर एक लहानसं गाव होतं आणि गावाच्या कडेला एका माळ्याची पेरूची बाग होती. माळ्याचं नाव राणोजी. माणूस कष्टाळू होता, मायाळूही होता. फक्त कुठलीही गोष्ट त्याला लवकर व्हायला हवी असे. रोप लावलं की दुसऱ्या दिवशी सकाळी पान फुटलं का ते बघायला जाणारा माणूस तो.

एकदा नदीवरून परतताना त्याला कुत्र्यांचा कालवा ऐकू आला. गावातल्या कुत्र्यांनी एका पिल्लाला मधे घेतलं होतं. पिल्लू पाठीवर पडून ओरडत होतं आणि जे येईल ते कुत्रं त्याला चावून जात होतं. राणोजीनं काठी आपटून कुत्र्यांना हाकललं, पिल्लाला उपरण्यात गुंडाळलं आणि घरी आणलं. त्याचा एक कान फाटला होता. अंगावर तपकिरी ठिपके होते, म्हणून राणोजीनं त्याचं नाव ठिपक्या ठेवलं.

कान बरा झाला, पिल्लू वाढलं, उंच झालं. माणसांवर त्याचा फार जीव. राणोजी झाडांना पाणी देत असला की हा त्याच्या मागे मागे, त्याच्या ओल्या पावलांचा वास घेत फिरायचा. पण दुसरं कुत्रं दिसलं, नुसतं दूरवर भुंकलं, तरी त्याचे पाय गळायचे. तो जागच्या जागी मुतायचा आणि बैलगाडीखाली शिरून बसायचा. मग कितीही हाका मारा, तो बाहेर यायचा नाही.

राणोजीला वाटलं, एकदा कुत्र्यांच्यात नेऊन सोडला की भीती मोडेल. त्यानं गळ्यात दोरी बांधून त्याला ओढतच गावच्या पारावर नेलं. ठिपक्या एवढा ओरडला की पारावर नसलेली कुत्रीसुद्धा धावून आली. त्या दिवसानंतर ठिपक्या कुत्र्यांना घाबरायचा तसा दोरीलाही घाबरू लागला.

बागेच्या शेजारी, ओढ्याच्या काठावर, एक म्हातारी कुंभारीण राहत होती. सगळं गाव तिला आत्या म्हणायचं. तिचं माणूस असं कोणी उरलं नव्हतं. दोन गाढवं होती आणि पवळी नावाची एक म्हातारी कुत्री होती. पवळीच्या तोंडाभोवतीचे केस पांढरे झाले होते. ती दिवसभर भट्टीच्या उबेला पडून असायची आणि गावातली भांडखोर कुत्रीसुद्धा तिच्या वाटेला जात नसत.

आत्यानं पारावरचा प्रकार ऐकला होता. ती बागेत आली आणि म्हणाली, उद्यापासून त्याला घेऊन ओढ्याच्या अलीकडच्या काठावर बस. मी पवळीला घेऊन पलीकडे बसते. भाकरी जवळ ठेव, आणि दुसरं काही करू नकोस.

राणोजीला ते पोरखेळासारखं वाटलं, पण दुसरा उपाय त्याच्याकडे नव्हता. दुसऱ्या दिवसापासून दोघं आपापल्या काठावर बसू लागली. ठिपक्यानं पवळीकडे पाहिलं आणि मग राणोजीकडे पाहिलं, की राणोजीनं त्याला भाकरीचा तुकडा द्यायचा. त्याचं अंग कापायला लागण्याआधीच उठायचं आणि घरी जायचं. ओढायचं नाही, ढकलायचं नाही, दोरी ताणायची नाही. एवढंच काय ते शिक्षण.

बरेच दिवस काहीच झालं नाही. मग एके दिवशी ठिपक्या पवळीकडे बघता बघता बसला. आणखी काही दिवसांनी आत्या पवळीला घेऊन ओढ्यात उतरली, नंतर अलीकडे आली, आणि मग दोन्ही कुत्री एकाच वाटेनं, मधे भरपूर जागा ठेवून, एकाच दिशेला चालू लागली. समोरासमोर कधी आणायचं नाही, असं आत्यानं बजावलं होतं. ती म्हणायची की दोघं एकाच बाजूला बघत चालली की भांडणाचं काही कारण राहत नाही.

पवळीला मात्र कोणी काही सांगावं लागलं नाही. ठिपक्या बिचकला की ती जांभई द्यायची, जमीन हुंगायची, आणि मान एका बाजूला वळवून उभी राहायची. मला तुझ्याशी भांडायचं नाही, हे सांगायची तिची ती रीत होती. ठिपक्याला ती हळूहळू कळू लागली. एके दिवशी पवळीनं अशी मान वळवलेली असताना तो पुढे झाला आणि त्यानं तिच्या मानेचा वास घेतला. पवळी हलली नाही. राणोजीचे डोळे भरून आले.

त्यानंतर ठिपक्या भट्टीजवळ पवळीच्या पाठीला पाठ लावून झोपू लागला. बैलगाडी सोडून उघड्यावर तो पहिल्यांदाच झोपत होता. पवळीच्या हाडकाला तोंड लावलं तर ती गुरगुरायची आणि तो बाजूला व्हायचा, आणि तेवढ्यावर ते मिटायचं. गुरगुरणं म्हणजे मरण नव्हे, हेही त्याला कळलं. गावातल्या तेल्याचं लंगडं कुत्रं एकदा तिकडे आलं तेव्हा ठिपक्या घाबरला खरा, पण गाडीखाली न पळता पवळीच्या मागे जाऊन उभा राहिला आणि तिथून डोकावून बघत राहिला.

आत्या म्हणाली की पाया बसलाय. आता एक एक नवं कुत्रं, आणि घाई नाही. पुढचा पेरूचा बहर येईपर्यंत तो गावातून एकटा फिरेल.

पण राणोजीला याच बहराची काळजी होती. पेरू भरू लागले होते. रानडुकरं यायची, वाटसरू फळं तोडायचे, आणि गावातली मोकाट कुत्री कुंपणातून घुसून रोपं उकरायची. त्यात पारावरचे लोक त्याला चिडवायचे. राखणीचा कुत्रा म्हणे, आणि म्हातारीच्या कुत्रीच्या पाठीमागे लपतो, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. राणोजीही हसला, पण ते त्याच्या मनात राहिलं.

एकदा ठिपक्या बागेतल्या आंब्याच्या बुंध्याला बांधलेला असताना एक मोकाट कुत्रं कुंपणातून आत आलं. ठिपक्यानं पळायला पाहिलं, पण दोरी आखूड होती. मागे झाड, पुढे कुत्रं. तेव्हा त्यानं दात विचकले आणि जीव तोडून भुंकत त्या कुत्र्यावर झेप घेतली. दोरीनं त्याला मागे खेचलं, पण ते कुत्रं दचकून पळून गेलं.

राणोजी धावत आला. त्यानं ठिपक्याला पोटाशी धरलं, शाबासकी दिली, तूप लावलेली भाकरी घातली.

दुसऱ्या दिवशी तो ओढ्यावर गेला नाही. त्याला आपली वाट सापडली होती. तो ठिपक्याला बांधून ठेवी, कुत्रं दिसलं की दोरी ताणून मागून "छू" म्हणे, आणि ठिपक्या अंगावर धावून गेला की त्याला तूप-भाकरी देई. पुढे पुढे दोरीचीही गरज राहिली नाही. नुसतं "छू" म्हटलं की ठिपक्या बाणासारखा सुटायचा.

आत्यानं वाट पाहिली आणि ती स्वतःच बागेत आली. ठिपक्याला कुंपणाबाहेरच्या एका कुत्र्याला फाडताना तिनं पाहिलं.

"राणोजी, तो अजून घाबरतोच आहे," ती म्हणाली. "आधी तो भिऊन पळायचा. आता भिऊन चावतो."

राणोजी म्हणाला, "चालेल ना आत्या. बागेला तेवढंच पुरे."

आत्या म्हणाली की बागेला पुरेल, त्या जनावराला पुरणार नाही. राणोजी टोपली उचलून झाडांकडे वळला. बहर तोंडावर आला होता आणि त्याला म्हातारीच्या काठावर बसून राहायला वेळ नव्हता.

गावात ठिपक्याचं नाव झालं. जे हसले होते तेच आता बागेपासून लांबून जायचे. असा वाघासारखा कुत्रा कसा तयार केलास, असं लोक विचारायचे आणि राणोजी मिशीत हसायचा. एक गोष्ट मात्र त्यानं कोणाला सांगितली नाही. प्रत्येक भांडणानंतर ठिपक्या बैलगाडीखाली जायचा आणि कापत बसायचा. तूप-भाकरी तशीच पडून राहायची. राणोजीनं ते पाहिलं होतं. त्यानं गाडीच्या पुढच्या बाजूला एक गोणपाट टांगलं, म्हणजे ते कोणाला दिसू नये.

इकडे पवळीला काय झालं ते कळत नव्हतं. तिच्या पाठीला पाठ लावून झोपणारा अचानक यायचा थांबला होता. ती ओढ्यापर्यंत जायची, उभी राहायची आणि परत यायची. तिला आता नीट दिसतही नव्हतं. एका दुपारी ती ओढा ओलांडून आली आणि कुंपणाच्या फटीतून अंग काढत बागेत शिरली.

ठिपक्या झाडाखाली पडला होता. वास आला तसा तो उठला. त्याचे कान पुढे झाले, मग मागे झाले, आणि शेपूट एकदा हललं. पवळी सावकाश पुढे आली. तिनं जमीन हुंगली.

राणोजी बागेच्या दुसऱ्या टोकाला फळं काढत होता. त्याला झाडांमधून एका कुत्र्याची फक्त पाठ दिसली. हातातली फांदी न सोडताच, सवयीनं, तो मोठ्यानं म्हणाला, "छू."

पवळीनं मान एका बाजूला वळवली. ठिपक्याला तीच मान मिळाली.

राणोजीनं पाहिलं कोण आहे ते, आणि तो ओरडत धावला. त्यानं ठिपक्याला हाका मारल्या, काठीनं मारलं, शेवटी दोन्ही हातांनी जबडा उघडला. तोवर उशीर झाला होता. पवळीनं उलटून चावा घेतला नव्हता. ठिपक्याच्या अंगावर तिच्या दाताची एक खूणही नव्हती.

आत्या आली. राणोजीनं तिला सांगितलं की पवळी फटीतून आली आणि ठिपक्या अचानक तिच्या अंगावर गेला, मी पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आत्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. तिनं पवळीला पदरात घेतलं. म्हातारीला ते ओझं पेलत नव्हतं, पण तिनं राणोजीला हात लावू दिला नाही. ओढ्यापलीकडे, भट्टीच्या मागे, तिनं तिला पुरलं.

गावात बातमी पसरली. ज्या कुत्रीनं त्याला जवळ केलं तिलाच त्यानं मारलं, कुत्र्याची जातच वाईट निघाली, असं लोक म्हणू लागले. राणोजीनं ऐकून घेतलं. खरं काय झालं ते तो बोलला नाही. लोकांच्या सांगण्यावरून त्यानं ठिपक्याच्या गळ्यात साखळी घातली.

पवळीच्या मृत्यूनंतर ठिपक्या आणखीच बिघडला. आता तो नुसतं कुत्रं दिसलं की धावायचा नाही, पान हललं तरी धावायचा, सावलीवर भुंकायचा, साखळीला झटके देऊन गळा सोलून घ्यायचा. राणोजी जवळ गेला तरी आधी दात दिसायचे आणि मग ओळख पटायची. सारखं भुंकणं ऐकून लोकांनी त्याकडे कान देणं सोडलं. रानडुकरांचा कळप बागेत शिरला तेव्हाही तो असाच भुंकत होता. कोणी आलं नाही. पूर्वी एक कुत्रं भुंकलं की गावची सगळी कुत्री धावून यायची आणि डुकरांना नदीपार करून यायची. आता राणोजीच्या बागेकडे एकही कुत्रं फिरकत नव्हतं. सकाळी फांद्या मोडून पडल्या होत्या आणि पेरूंचा चिखल झाला होता. ठिपक्या साखळीच्या टोकाला गळ्यातून रक्त काढून बसला होता.

राणोजी त्या दिवशी बागेतून सरळ ओढा ओलांडून गेला. आत्या चाकापाशी बसली होती, पण चाक फिरत नव्हतं. तो तिच्यासमोर खाली बसला. मग त्यानं सांगितलं की त्या दिवशी ठिपक्या आपणहून गेला नव्हता. मीच "छू" म्हटलं होतं.

"मी ऐकलं होतं," आत्या म्हणाली. "माझं घर काय फार लांब आहे?"

राणोजीची मान खाली गेली. त्यानं विचारलं की तेव्हाच का बोलली नाहीस. ती म्हणाली की तू सांगशील असं वाटलं होतं. त्या जनावराला गाव वाईट म्हणत होतं तेव्हा तरी सांगशील असं वाटलं होतं.

मग राणोजीनं हात जोडले. आता मी घाई करणार नाही, तो म्हणाला. रोज येऊन काठावर बसेन, एक वर्ष लागो की दोन. तू सांगशील तसं करेन. फक्त त्याला पुन्हा पहिल्यासारखं कर.

आत्यानं हातातला मातीचा गोळा बाजूला ठेवला. ती रागावली नव्हती. राग यायलाही अंगात थोडी ताकद लागते.

"अरे, त्याला मी कुठे शिकवलं होतं?" ती म्हणाली. "मी नुसती बसायचे. शिकवलं ते पवळीनं. आता त्याच्यासमोर मान वळवून उभं राहील असं दुसरं कुत्रं या गावात कुठून आणू?"

राणोजी परत आला. त्याची चाहूल लागताच ठिपक्यानं दात विचकले. मग त्यानं त्याला ओळखलं आणि तो मागे सरकत, साखळी ओढत, बैलगाडीखाली गेला. राणोजीनं टांगलेलं गोणपाट काढून टाकलं आणि तो गाडीजवळ जमिनीवर बसला. आतून साखळी वाजत होती, कारण ठिपक्या कापत होता. राणोजीनं हात पुढे केला नाही. तसा हात पुढे करण्याचा हक्क आपल्याला उरलाय का, हेच त्याला ठरवता येत नव्हतं.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: घाबरलेल्याला धीर यायला वेळ लागतो. तो वेळ वाचवण्यासाठी त्याला चावायला शिकवलं, तर भीती जात नाही, आणि विश्वासानं जवळ येणाऱ्याचाच आधी बळी जातो.