तांदळात पुसलेलं नाव

बारशाला आत्या बाळाच्या कानात ‘शिरीन’ म्हणायला वाकली, तोच आजोबा बाबासाहेब इनामदार कडाडले, “थांब. बाळंतपणात जीव वाचवणारी डॉक्टरीण पारशी, म्हणून नातीला पारशी नाव? पाळण्यातलं नाव सरणापर्यंत पुरतं. ते आपल्याच भाषेतलं हवं.”

बायकांनी माना डोलावल्या. बाळंतिणीचं मात्र डोकं तडकलं.

“मग माझं का नाही पुरलं, मामंजी? धारवाडला पाळण्यात माझं नाव नीलव्वा ठेवलं होतं. लग्नात तुम्ही यांना तांदळाच्या ताटात ‘मंदाकिनी’ लिहायला लावलंत. पाळण्यातलं नाव पुरत असेल तर मी आजपासून नीलव्वा. पुरत नसेल, तर शिरीन म्हटल्यानं तुमचं काय बिघडतं?”

बाबासाहेब उपरणं सावरू लागले. तेवढ्यात आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगून टाकलं आणि बाळ उचलून भावजयीच्या ओटीत घातलं.

“नीलव्वावहिनी, घे तुझी शिरीन.”