स्वर्गातला पहिला बाक

रूथला रात्रभर झोप लागली नव्हती. पाच वर्षांच्या अबीने विचारलं होतं, "आई, देव शांतवनमामाला माफ करणार, तर मग त्याला फाशी कशाला?" आणि एम.ए. झालेल्या रूथने "झोप आता" म्हणून दिवा मालवला होता.

शांतवन त्यांच्याच चर्चच्या मंडळीतला. शेताच्या बांधाच्या वादात त्याने दोघांचा जीव घेतला, फाशीची शिक्षा झाली, आणि तुरुंगात पाळकसाहेबांपुढे ढसाढसा रडून त्याने पाप कबूल केलं. रविवारी उपासनेनंतर प्रश्न निघाला, मंडळीने त्याच्यासाठी राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज करायचा का?

पहिल्या बाकावरून निवृत्त फौजदार उजागरे उठले. तो बाक कायमचा त्यांचा. पाहुण्यालाही तिथे टेकू देत नसत.

"क्षमा करायची ती देवाने," ते गरजले. "आपण त्याला देवाकडे लवकर पोचवू, म्हणजे झालं!"

लोक हसले. रूथ उठली. "काका, पश्चात्ताप केलेल्याला देव स्वर्गात घेतो ना?"

"घेतो तर! येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराला घेतलंच की."

"मग शांतवन तुमच्या आधी पोचणार आणि पहिला बाक धरणार. मागून तुम्ही आलात, की त्याच्या शेजारी बसाल, का बाहेर उभे राहाल?"

खसखस पिकली. अर्जाच्या बाजूने एकेक हात वर होऊ लागला. उजागरेकाकांचा मात्र खालीच.

तेवढ्यात अबी बाकावर चढून म्हणाली, "आजोबा, तुम्हीपण हात वर करा ना. तो इथेच राहिला, तर तिकडचा बाक तुम्हालाच मिळेल!"