राणी कनकवल्लीची जांभळी खीर

एका राज्यात कनकवल्ली नावाची राणी होती, आणि तिचा हात फार सढळ होता. दान करी ते सुपाने, अत्तर लावी ते वाटीने. एकदा दूरदेशीच्या व्यापाऱ्याने तिला लॅव्हेंडरच्या वाळलेल्या कळ्या नजर केल्या. इवल्याशा, जांभळ्या, वास असा की नाकाने तिथेच मुक्काम ठोकावा. व्यापारी म्हणाला, "राणीसाहेब, या कळ्या स्वयंपाकात घालतात, पण जपून." राणीने वाक्य अर्धेच ऐकले.

त्याच दिवशी कपिलजट नावाचा एक मायावी जादूगार राजवाड्यात पंगतीला होता. राणीने जातीने खीर केली आणि तीत चार मुठी कळ्या ओतल्या. मायावीने एक घास घेतला. त्याची दाढी ताठ उभी राहिली.

"राणी, जेवायला बोलावलेस आणि रिठ्याच्या फेसाने माझे तोंड धुतलेस. आता या राज्यातल्या माणसांना प्रत्येक घास रिठ्यासारखा लागेल, आणि जो बोलेल त्याच्या तोंडून फुगे निघतील."

"उःशाप?" राणीने विचारले, आणि पहिला फुगा तिच्याच तोंडून निघाला.

"याच कळ्यांचे तीन पदार्थ कर. तिन्ही वेळा मी 'आणखी वाढा' म्हणालो, तर शाप सुटेल."

राजा सुरथसेन न्याय देऊ लागला की दरबार फुग्यांनी भरे, आणि वादी कोण, प्रतिवादी कोण, हे दिसेनासे होई. सेनापतीची आज्ञा तटावरून तरंगत शेजारच्या राज्यात जाई. पोरे दोन दिवस हसली. मग तान्ही बाळे दूध थुंकू लागली, म्हातारी माणसे भरल्या ताटावरून उठू लागली, आणि राणीला सज्जात उभे राहवेना.

तिने चूल पेटवली. पण चव कशी घ्यावी? तिला तर सगळाच रिठा. तेव्हा ती राज्याची सीमा ओलांडून रानात गेली. तिथे माणसासारखी बोलणारी एक साळुंकी राहत असे. शाप तिला लागलेला नव्हता.

"माझ्यासाठी चव घेशील?"

"घेईन. पण मन राखणार नाही."

"मान्य आहे," राणी म्हणाली आणि साळुंकीला खांद्यावर बसवून घेऊन आली.

आधी लिंबाचे सरबत केले. राणीने मोठ्या काटकसरीने एकच मूठ घातली. साळुंकीने चोच बुडवली आणि पंख झटकले. "तहान लागली होती. अंघोळ झाली." राणीने अर्धी मूठ घातली. साळुंकी खांबावर जाऊन बसली. अखेर साखरेच्या गरम पाकात मोजक्या कळ्या मुरवून राणीने पाक गाळला, तेव्हा कुठे साळुंकी पुन्हा खाली उतरली. मायावीने पेला रिता केला आणि म्हणाला, "आणखी वाढा."

मग नानकटाई. चिमूटभर कळ्या साखरेबरोबर खलात कुटल्या, तुपात फेटल्या. मायावीने "आणखी वाढा" हे तोंडात नानकटाई असतानाच म्हटले, पण प्रधानाने ते ग्राह्य धरले.

उरली खीर. दुधात कळ्यांची पुरचुंडी सोडली, वास उतरताच काढली. राणीला वाटले, पाहुण्याला एवढेसेच? हात पुन्हा डब्याकडे गेला. इतक्यात खिडकीखाली एक आई बाळाला दूध पाजताना दिसली. बाळ मान फिरवत होते. राणीने डब्याचे झाकण लावले.

मायावीने वाटी संपवली. बोटाने पुसली, बोटही चाटले. पण बोलेना. बोललो तर हरलो, हे त्याला कळले होते.

राणी शांतपणे उठली. "पाहुण्यांचे पोट भरले. पातेले उचला, उरलेली खीर गोठ्यात नेऊन द्या."

सेवकांनी पातेले उचलले. ते दाराशी पोचले. उंबरा ओलांडणार तोच मायावी हळूच म्हणाला, "आणखी वाढा."

पटकन हवेतले फुगे विरले. खिडकीखाली बाळ चुटूचुटू दूध पिऊ लागले, आणि राणी सज्जाच्या कठड्याला धरून बराच वेळ ते पाहत राहिली. शेतापासून वाड्यापर्यंत माणसे भाकरीचे तुकडे मोडत होती. राजा सुरथसेनाने या मंगल प्रसंगी मोठे भाषण केले. ते कोणीही ऐकले नाही, कारण सगळे जेवत होते. आणि सर्वांत मन लावून जेवत होता तो कपिलजट मायावी. त्या राज्यात त्या दिवशी चुली विझल्या, त्या सगळे तृप्त झाल्यावरच.