तीन ताम्रपट आणि एक जातं

फार फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, मला ज्याने सांगितली त्यालाही ठाऊक नव्हतं.

एक मोठं जंगल होतं आणि त्याला लागून तीन राज्यं. एका राज्यात म्हातारा राजा, दुसऱ्यात तरुण राजा, आणि तिसऱ्यात एक राणी. राणीला एकच खोड होती. तिला सारखे प्रश्न पडत. मीठ खारटच का, कावळा एका डोळ्यानेच का बघतो, एक ना दोन! उत्तरं देऊन देऊन तिचा प्रधान बिचारा टेकीला आला होता.

जंगलात रानकरी राहत. राज्यं झाली त्याच्या कितीतरी आधीपासून राहत. उन्हाळ्यात ते डोंगरावर मोहाची फुलं वेचत, पावसाळ्यात उतारावर नाचणी पिकवत, हिवाळ्यात नदीकाठी मासे धरत आणि कंद खणत. पुढे राजांनी सीमा आखल्या. डोंगर गेला तरुण राजाकडे, उतार म्हाताऱ्याकडे, नदी राणीकडे. झालं! टोपली घेऊन निघालेली बाई कालपर्यंत आपल्या रानात चालत होती, ती आज घुसखोर ठरली. पहारेकरी तिला इकडून तिकडे हाकलू लागले.

हे कानावर आलं तेव्हा तिघांनाही वाईट वाटलं. खरंच वाटलं हो, उगाच खोटं कशाला सांगू? तिघं एका भल्यामोठ्या तंबूत जमले. सात दिवस सभा चालली. रानकऱ्यांना हक्क द्यायचे असं ठरलं, आणि मग देण्यात चढाओढच लागली. एकाने घर दिलं, तर दुसऱ्याने घर आणि शेत दिलं. शेवटी तीन ताम्रपट कोरले गेले. तिन्हींवर शेवटची ओळ सारखीच होती: "जो बारा महिने आमच्याच राज्यात राहील, त्याला हे सगळं मिळेल. येत्या पौर्णिमेपर्यंत ज्याने राज्य निवडलं नाही, त्याने जंगल सोडावं." तिघांनी एकमेकांची पाठ थोपटली आणि पंगतीत ताव मारला.

पौर्णिमा आठ दिवसांवर आली, तरी एकही रानकरी राज्य निवडायला फिरकला नाही. तिघं पुन्हा तंबूत जमले.

"उपकाराची जाणीवच नाही," म्हातारा राजा म्हणाला.

"अडाणी माणसं, हक्क म्हणजे काय ते त्यांना काय कळणार!" तरुण राजा म्हणाला.

"पण का आले नसतील?" राणीने विचारलं. "प्रधानजी, तुम्ही त्यांना विचारलंत?"

सात दिवसांच्या सभेत एकाही रानकऱ्याला बोलावलं नव्हतं, हे प्रधानाला तेव्हा आठवलं.

राणी तशीच उठली आणि रानात गेली. उतारावर एका झोपडीपुढे रानकऱ्यांची मुखिया, एक म्हातारी, बसली होती. तिच्यापुढे सामानाचे तीन ढीग होते.

"हे काय चाललंय, आजी?"

"वाटणी. थोरला डोंगरावर जाईल, लेक इथं राहील, धाकटा नदीकडं जाईल. एका जागी बारा महिने पोट भरत नाही, बाई. पण तीन जागी राहिलो, तर कुणीतरी जगेल. नातवंडं कुणाबरोबर धाडायची तेवढंच ठरत नाही. म्हणून उशीर झाला."

राणी तिच्याजवळ खाली बसली. "मग हे आम्हाला सांगितलं का नाही?"

"आले होते की तुमच्या तंबूपाशी! पहारेकरी म्हणाला, कुठल्या राज्याची? मी म्हटलं, इथली. तो म्हणाला, असं राज्यच नाही."

मग काय, राणीने प्रश्नांची पोतडीच उघडली. फुलं कधी वेचता? कंद खणून त्याचं डोकं परत का पुरता? नदीवर कधी निघता? म्हातारी हसली. "फार विचारतेस गं!"

"खोड आहे."

"चांगली आहे. मोडू नकोस."

दुसऱ्या दिवशी राणीने दोन्ही राजांना तिथे आणलं. "राजे आम्ही, आणि पायी?" म्हणून म्हातारा राजा वाटभर कुरकुरला. झोपडीपुढे चौघं एकाच चटईवर बसले. आम्हाला तिन्ही राज्यांत पहिल्यासारखं मोकळं फिरू द्या, एवढंच म्हातारीने मागितलं.

"आठ महिने तुम्ही बाहेर असणार," तरुण राजा म्हणाला, "मग माझी प्रजा कशी?"

"आम्ही नसताना तुझा डोंगर कुठं जातो का? तसे आम्हीही तुझेच, परत येतोच."

तरुण राजाला हसू आलं आणि तो कबूल झाला. राणी आधीच कबूल होती. पण म्हातारा राजा बधेना. आणि तो नाही म्हणाला, की टोपली त्याच्या सीमेवर अडणारच होती. तिघांपैकी दोघांच्या होकाराने काय होणार?

इतक्यात त्याची नजर ढिगांवर गेली. एका ढिगात जात्याचा वरचा दगड होता आणि दुसऱ्यात खालचा.

"अगं बाई, असं जातं वाटतात का कुठं? दळणार कशावर?"

"तेच म्हणते मी, राजा," म्हातारी म्हणाली. "तुम्ही आमचं वर्ष असंच वाटलंत."

राजाने वरचा दगड उचलून खालच्या दगडावर ठेवला. मग मान खाली घालून तो म्हणाला, "चुकलं आमचं."

तिन्ही ताम्रपट वितळवून एकच पत्रा केला. त्यावर तिन्ही राज्यांची मुद्रा उठणार होती आणि चौथा ठसा म्हातारीच्या अंगठ्याचा. लेखनिकाने सवयीप्रमाणे राजांकडे बघितलं. "पहिली ओळ काय लिहू?"

"आम्हाला काय विचारतोस?" राणी म्हणाली. "तिला विचार."

म्हातारीने सांगितलं, "लिही, आम्हाला विचारल्याबिगर आमचं काही ठरवायचं नाही."

तेच कोरलं गेलं. पौर्णिमेच्या दिवशी रानकरी लेकराबाळांसकट नदीकडे निघाले. सीमेवर पहारेकऱ्याने विचारलं, "कुठले?"

"इथले," म्हातारी म्हणाली. पहारेकरी बाजूला झाला.

म्हणून लहानथोरांनो, एवढं गाठीला बांधा: ज्याचा हक्क त्याला विचारून आणि सगळ्यांनी मिळून दिला, तरच तो हक्क, नाहीतर तो नुसता हुकूम.