हिरवळीवरच्या सहा कोंबड्या

“...पण दोन्ही एका आवारात राहणार कसं, बाबा? एक तर हिरवळ राहील, नाहीतर कोंबड्या.”

 फकीरबाबा सुपात ज्वारी घेऊन तिच्यातले खडे वेचत होते.

विचारणारे होते सर्जेराव शितोळे. सरकारी बागांचे अधीक्षक म्हणून बत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. अंगात इस्त्रीचा सदरा, खिशात पेन आणि डायरी, आणि शंका विचारतानासुद्धा आवाज हुकूम सोडल्यासारखा.

फकीरबाबांचा तकिया, म्हणजे त्यांची राहायची जागा, गावाबाहेर नदीच्या वरच्या अंगाला आहे. लोक तिथं नवसाची कोंबडी घेऊन येतात. बाबांची अट एकच. इथं आणलेली कोंबडी कापायची नाही, सोडायची. त्यामुळे तीस-चाळीस कोंबड्या तिथं राजरोस हिंडत असतात, आणि तरीही आवारात घोट्याएवढं हिरवंगार गवत असतं.

सर्जेरावांनी हे रस्त्यानं जाताना पाहिलं आणि त्यांच्या पोटात दुखलं. म्हणून ते आले होते. शिकायला आलो, असं त्यांनी स्वतःशीही कबूल केलं नसतं. तपासणीला आले होते म्हणा ना.

आधी त्यांनी आपल्या हिरवळीची हकिगत सांगितली. माती कशी चाळून घेतली, गवताची जात कुठून मिळवली, दर तिसऱ्या दिवशी यंत्र फिरवून ते बोटाच्या पेराएवढंच कसं ठेवतात. फुलांच्या प्रदर्शनात बागेला दोनदा पहिला नंबर मिळाला होता, हेही ओघात सांगून टाकलं.

मग कोंबड्यांची हकिगत. त्यांच्या पत्नीनं, इंदुमतीबाईंनी, बहिणीच्या गावाहून दोन कोंबड्या आणल्या होत्या. दोनाच्या सहा झाल्या. सर्जेरावांनी आधी त्यांना एका कोपऱ्यात तारेच्या कुंपणात ठेवलं. महिन्याभरात तिथं गवताची काडी उरली नाही, नुसता चिखल आणि वास. मोकळ्या सोडल्या तर त्यांनी हिरवळ उकरली आणि खड्डे करून त्यात मातीनं अंघोळी केल्या. मग सर्जेरावांनी तिखट पसरलं. कोंबड्यांनी तेही टिपून खाल्लं.

शेवटी त्यांनी सगळ्या हिरवळीवर नायलॉनची जाळी अंथरली. तिच्यात एका कोंबडीचा पाय अडकला, आणि तेव्हापासून ती लंगडते.

“जाळी काढली?” बाबांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“मी नाही. बायकोनं कापली. कात्रीनं.”

“मग?”

“मग मी म्हणालो, मंगळवारच्या बाजारात सगळ्या देऊन टाकतो.”

“त्या काय म्हणाल्या?”

“काही नाही.”

बाबांनी सुपावरून नजर वर केली.

“काहीच म्हणाली नाही, बाबा. चार दिवस झाले. जेवायला वाढते, आवरते, संध्याकाळी दिवा लावते. बोलत नाही.”

आवाजातला हुकूम एवढ्यात कुठे गेला कोण जाणे. खरं सांगायचं तर माणूस घाबरला होता. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून इंदुमतीबाई घरातल्या घरात मिटून गेल्या होत्या. कोंबड्या आल्या आणि दुपारी परसात त्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. एकदा सर्जेरावांना वाटलं, बाहेर कुणी पाहुणी आलीय. खिडकीतून पाहिलं तर बायको एकटीच कोंबड्यांशी बोलत होती आणि हसत होती. ते हसणं आता बंद झालं होतं, आणि ते आपण बंद केलं हे त्यांना ठाऊक होतं. पण असलं काही सांगायची सवय नसल्यामुळे ते गवताबद्दल बोलत होते.

त्या दिवशी शनिवार होता. मंगळवार तीन दिवसांवर आला होता.

बाबांनी खडे वेचायचं थांबवलं.

“आज हितंच बसा, साहेब. कोंबड्यांकडं बघा. काय दिसलं त्ये मला सांगा.”

सर्जेरावांनी डायरी काढली. अशी कामं त्यांनी जन्मभर केली होती. दुपारपर्यंत त्यांची तीन पानं भरली, आणि ते ताठ उभे राहून वाचायला लागले.

हुशार माणूस, त्यात वाद नाही. त्यांनी सगळं बरोबर टिपलं होतं. बाबा दाणे रोज वेगळ्या जागी टाकतात, त्यामुळे कोंबड्यांचा घोळका एका जागी मुक्काम करत नाही. चुलीमागे राखेचा आणि भुसभुशीत मातीचा खड्डा आहे, तेव्हा अंघोळीसाठी त्यांना गवत उकरावं लागत नाही. आणि गवत उंच असल्यामुळे त्यांच्या नख्या मुळापर्यंत पोहोचत नाहीत. आपली हिरवळ आपण भादरून ठेवली म्हणून ती उघडी पडली, हेही त्यांनी लिहिलं होतं. फक्त अक्षर जरा बारीक काढलं होतं.

“म्हणजे दोष कोंबड्यांचा नाही. एकाच जागेवर रोज राहण्याचा आहे,” ते म्हणाले. “बरोबर?”

“बरोबर.”

“मग सुटला की प्रश्न.”

“गवताचा सुटला.”

“आणि...?”

“आणि काय? दुसरं तुमी काय इचारलंच न्हाई.”

सर्जेराव खाली बसले. डायरी मिटली.  एक कोंबडी येऊन त्यांच्या बुटाची नाडी ओढून गेली, तरी त्यांनी पाय हलवला नाही.

“बाबा,” ते शेवटी म्हणाले, “उद्या घरी याल?”

असं कुणाला विचारायची त्यांना सवय नव्हती. बाबांनी मान डोलवली.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आधी बाबा आले. डोक्यावर बुरडानं विणलेलं बांबूचं भलंमोठं डालगं. एका बाजूनं उघडं, कोंबड्यांवर पालथं घालून ठेवायचं. सहा कोंबड्या त्याच्याखाली आरामात चरल्या असत्या.

फाटकातून आत आल्यावर ते थबकले. समोर हिरवळ होती. कोंबड्यांनी पाडलेले आठ-दहा खड्डे सोडले तर खरोखर नजर ठरू नये अशी. आणि तिच्या कडेला लोखंडी खांबावर एक पाटी होती.

“हिर... वळी... वर...” बाबा एकेक अक्षर लावत वाचू लागले. “हिरवळीवर चालण्यास मनाई आहे. हुकमावरून.”

पाटी सरकारी बागेतली होती. नवीन पाट्या आल्यावर जुनी मोडीत निघाली, तेव्हा सर्जेरावांनी ती मागून घेतली होती. बत्तीस वर्षं त्यांनी पोसलेल्या हिरवळीवर लोकांनी शेंगांची टरफलं टाकली, पोरं लोळली, लग्नाची वऱ्हाडं जेवली. शिट्टी फुंकून फुंकून त्यांचे गाल दुखायचे. आपल्या घरची हिरवळ तरी कुणी तुडवणार नाही, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, तसं ते दुखणं बाहेरच्याला कळायचं नाही.

“ही पाटी कुणासाठी?” बाबांनी विचारलं.

“कुणासाठी म्हणजे... सगळ्यांसाठी.”

“घरात माणसं किती?”

“आम्ही दोघंच.”

सर्जेरावांनी पाटीकडे पाहिलं. सात वर्षं ती तिथं होती, पण ती वाचणारं दुसरं माणूस घरात एकच आहे, हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

बाबांनी चपला काढल्या आणि हिरवळीवरून चालत जाऊन मधोमध डालगं ठेवलं. त्यांचं एकेक पाऊल सर्जेरावांना आपल्या छातीवर पडल्यासारखं वाटलं. तरी ते काही बोलले नाहीत. हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवायला हवं.

मग इंदुमतीबाई चहा घेऊन बाहेर आल्या. बाबा हिरवळीच्या मध्यावर बसले होते, पण बाई सरळ गेल्या नाहीत. सिमेंटच्या वाटेनं सगळा वळसा घालून, दुखऱ्या गुडघ्यानं हळूहळू चालत त्या अलीकडच्या कडेला आल्या आणि ट्रे हातात धरून तिथंच उभ्या राहिल्या. कपडे वाळत घालायलाही त्या अशाच वळशानं जात. त्यांना कधी कुणी अडवलं नव्हतं. तशी वेळच त्यांनी येऊ दिली नव्हती.

सर्जेराव जाऊन कप घेऊन आले. तिथं बोलायची संधी होती, पण ते बोलले नाहीत आणि बाईही बोलल्या नाहीत.

परत येऊन त्यांनी खिशातून एक घडीचा कागद काढला आणि बाबांपुढे उलगडला. आलेखाच्या कागदावर हिरवळीचे अठ्ठावीस चौकोन पाडलेले, प्रत्येकात तारीख. डालगं रोज एक घर पुढे सरकणार, महिन्यानं पहिल्या घरात परत येणार. तोवर तिथलं गवत पुन्हा उभं राहिलेलं असणार. राखेचा खड्डा लाल शाईनं दाखवला होता. बाजाराचा बेत रद्द, हे त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं, पण मंगळवारच्या चौकोनातही डालगं होतं.

“लई झ्याक काढलंय,” बाबा म्हणाले.

त्यांनी कागद घेतला आणि गवतावर पसरला. वर मूठभर ज्वारी टाकली. सहाही कोंबड्या धावत आल्या, आणि बाबांनी डालगं त्यांच्यावर अलगद पालथं घातलं. दोन मिनिटांत मार्च महिन्याचा पहिला आठवडा फाटला. उरलेल्यावर लंगडी कोंबडी जाऊन बसली.

सर्जेरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

“बाबा, अहो, आता रोज डालगं कुठं ठेवायचं ते कळणार कसं?”

“कोंबड्या कुणाच्या?”

“हिच्या.”

“मग मला काय इचारता?”

 सर्जेराव मान खाली घालून गवताच्या पात्यांकडे बघत राहिले. पाच दिवस बायको बोलत नव्हती हे त्यांनी सगळ्यांना सांगितलं असतं. पण त्या पाच दिवसांत आपणही तिला एक शब्द विचारला नव्हता, हे त्यांना आत्ता आठवलं.

“अगं...” ते म्हणाले. “डालगं कुठं ठेवू?”

कडेला ट्रेमधल्या बशा किणकिणल्या.  बाबा चहा पीत होते.

“तिकडं,” इंदुमतीबाई म्हणाल्या. “तगरीच्या बाजूला. दुपारी तिथं ऊन नसतं. त्या लंगडीला ऊन सोसत नाही.”

सर्जेरावांनी मान वर केली नाही, पण त्यांचे कान लाल झाले. तगरीजवळचं गवत हिरवळीतलं सगळ्यात दाट होतं. दोन्ही बक्षिसांच्या वेळी परीक्षकांना त्यांनी तिथंच उभं केलं होतं. आता ते नाही म्हणतात की काय, असं वाटलं.

“तगरीच्या कुठल्या अंगाला?” त्यांनी विचारलं.

तगर एवढीशी. तिला अंग असून असून किती असणार? त्यांना सगळं कळलं होतं. पण विचारलं नसतं तर ती पुन्हा गप्प झाली असती, आणि ते त्यांना नको होतं.

“इथून कसं सांगू मी?” बाई म्हणाल्या.

“मग इकडं येऊन दाखव.”

बाईंनी पाटीकडे पाहिलं. नेहमीच्या सवयीनं पाहिलं, टोमणा मारायला नव्हे. पण सर्जेरावांना ती नजर लागली. इतक्या वर्षांत या बाईला आपण कुठं कुठं उभं ठेवलं असेल, या विचारानं त्यांना भरून आलं.

“ये,” ते म्हणाले. “ये गं.”

इंदुमतीबाईंनी ट्रे वाटेवर ठेवला. चपला काढल्या. एक पाऊल गवतावर ठेवलं आणि थांबल्या. दव अजून वाळलं नव्हतं. मग दुसरं पाऊल ठेवलं. लुगड्याचा काठ चिमटीत धरून त्या तगरीच्या दिशेनं सावकाश चालू लागल्या. डालग्यातून लंगडी ओरडली, तर तिला म्हणाल्या, “आले गं, आले,” आणि मग त्यांना कशाचं कोण जाणे, हसू फुटलं.

बत्तीस वर्षांची सवय अशी एका सकाळी जात नाही. सर्जेराव वाकून त्यांच्या पावलांकडे बघत होते. पाऊल उचललं की दबलेलं गवत पुन्हा उभं राहतंय की नाही, ते बघत होते.

“साहेब,” बाबा म्हणाले, “वर बघा.”